यादीत जमुना नव्हती

बावन्नच्या निवडणुकीआधी पटवारी मतदारयादी करायला सौंदडला आला, तेव्हा जमुना दारातच तांदूळ पाखडत होती. तिला कोणी विचारलंच नाही. तिचा नवरा बकाराम मिशीला पीळ देत म्हणाला, "बाईचं नाव कायले पायजे? लिवा, बकारामची बायको." चारचौघांत स्वतःचं नाव सांगणारी बाई गावात बेशरम ठरायची, म्हणून ती नुसती सूप हलवत राहिली. अशा बिननावाच्या बायका वरच्या साहेबांनी यादीतून सरळ खोडल्या. मतदानाच्या दिवशी तिला शाळेच्या दारातून हाकललं, आणि हा मेला बकाराम लोकांसोबत खिदळत उभा राहिला.

ते खिदळणं ती विसरली नाही. सत्तावनच्या आधी पटवारी पुन्हा आला. बकारामने तोंड उघडायच्या आत ती सूप आपटून पुढे झाली. "लिवा, जमुना. नवऱ्याचं नाव बकाराम." नवऱ्याचं नाव घेतलं! शेजारणींनी तोंडाला पदर लावला.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. मत टाकून ती घरी आली, तर बकाराम दारात आडवा. "कोनाच्या पेटीत टाकलीस चिठ्ठी?"

"बकारामच्या बायकोले इचारा," ती म्हणाली. "मी जमुना आहो. सरका तिकडे."