समोर बसून

“...आणि हे तिसरं गिऱ्हाईक आहे, आई. तिसरं!” सुनेनं निळा झगा सासूच्या नाकाशी धरला. “घ्या, तुम्हीच बघा वास. बाई दारातूनच परत गेली. म्हणाली, हा घालून मी लग्नाला जाऊ की मासळीबाजारात?”

“उन्हात टाक जरा.”

“टाकला. दोनदा धुतला, दोनदा वाळवला, आता रंग उडायची वेळ आलीय. कापड वास धरून बसतं, आई. माणसासारखं नसतं त्याचं, दोन दिवसांत सवय झाली नि संपलं.”

मुलगा टेबलाशी बसून चहात पाव बुडवत होता. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हे त्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. “मी काय म्हणतो, दारावर पाटी लावू. ‘बरणीपासून सावध.’ चोरसुद्धा फिरकायचे नाहीत.”

“तुम्ही गप्प बसा हो. काल अख्खं दूध ओतून दिलं मी. फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायची सोय राहिलेली नाही.”

घर तीन खोल्यांचं. स्वयंपाकघर इतकं अरुंद की ओट्याशी एक बाई उभी राहिली की दुसरीनं बाहेर थांबायचं, त्यामुळे फ्रीज बाहेरच्या खोलीत. शिलाई मशीनही तिथेच, फ्रीजपासून तीन पावलांवर. कापलेली, अर्धवट शिवलेली, बटणं लावायची राहिलेली सगळी कापडं दोरीवर टांगलेली. पलीकडे नवराबायकोची खोली, आणि गल्लीच्या बाजूला खिडकी असलेली सासूची. ती खोली तिला मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधीची तीस वर्षं ती कुणा ना कुणाच्या पायथ्याशी झोपत आली होती.

सासू चपला घालत होती. सोमवार होता, आणि सोमवारी तिला लवकर पोचायचं असे.

“आईला काय त्याचं,” मुलगा कप ठेवत म्हणाला. “तिला आता कशाचंच काही वाटत नाही. दगड उकडून दिलास तरी खाईल.”

“त्यांना आवडतं ना, खाऊ देत की,” सून म्हणाली. “पण त्यांच्या आवडीपायी माझं काम का जावं?”

सासू दारात थांबली. “एकदा जिभेवर ठेवून बघ,” ती म्हणाली. “मग बोल माझ्याशी.”

“मी? त्यापेक्षा मी उपाशी राहीन! संध्याकाळपर्यंत ती बरणी घरात नको, सांगून ठेवते. तुम्ही नाही नेलीत तर मी टाकीन.”

रोज सकाळी सासू बरणीतून दोन तुकडे काढून झाकणाच्या छोट्या डब्यात घालायची, डबा दोन पिशव्यांत गुंडाळायची. आज डबा ओट्यावर पालथाच राहिला. सून तिच्या पाठीकडे बघत राहिली.

दवाखान्यात सासूला सगळे मावशी म्हणत. तिथल्या सगळ्याच आयांना मावशी म्हणत, पण नुसतं ‘मावशींना बोलवा’ म्हटलं की हिलाच बोलवायचं, हे सिस्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या गळ्याखाली काही उतरत नाही अशा पेशंटला भरवायला तीच लागे. लांबलांबच्या देशांतून माणसं उपचाराला येत. त्यांची भाषा तिला येत नसे, पण चमचा पुढे केल्यावर माणूस मान कुठल्या बाजूला फिरवतो, त्यावरून तिला बरंच कळे.

लहानपणी तिच्या आईनं तिचं नाव ‘नाकवाली’ ठेवलं होतं. चुलीवरचं दूध तळाला लागलं की अंगणात खेळणारी ही आधी सांगायची. शिळ्याला हात लावायची नाही, दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी पिताना डोळे मिटायची. सासरी गेलीस की नाक मुठीत धरून राहायला शिकशील, असं आई म्हणायची. सासरी ती शिकली नाही. शिकली ती दवाखान्यात.

सुरुवात झाली ती एका डोंगराळ मुलखातल्या बाईपासून. बाईनं अकरा दिवस तोंड मिटून घेतलं होतं. सूप नको, दूध नको, फळ नको. तिचा भाऊ चार दिवसांचा प्रवास करून घरचं चीज घेऊन आला. ओले मोजे आठवडाभर पिशवीत कोंडावेत तसा त्याचा वास. बाईनं त्याकडेही पाठ फिरवली. भाऊ बिचारा हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडत होता. मावशीला काय सुचलं कोण जाणे, तिनं बोटाएवढा तुकडा मोडला आणि बाईसमोर बसून स्वतःच्या तोंडात घातला. पोटातून उमासा आला. तो तिनं गिळला, तुकडाही गिळला. बाई बघत होती. बघता बघता तिचा जबडा हलला, रिकामाच. मग तिनं हात पुढे केला.

त्या दिवसापासून तिचं काम वाढलं. राखेत पुरून काळी पडलेली अंडी तिनं खाल्ली, आतला हिरवट बलक बोटांना चिकटला तो समोरच्याच्या देखत चाटला. आतड्यात भरून गोठवलेलं रक्त खाल्लं. खवट लोण्याचा खारा चहा घेतला. तळलेल्या अळ्या त्या मानानं सोप्या गेल्या, डोळे बंद केले की भाजलेले दाणे. पण डोळे बंद करायचे नाहीत, हा तिचा पहिला नियम. नजर भांड्यात नाही, समोरच्याच्या तोंडाकडे ठेवायची. घासाआधी श्वास सोडायचा आणि गिळेपर्यंत घ्यायचा नाही. आणि ‘छान आहे’ असं कधीही म्हणायचं नाही. छान म्हटलं की ताट भरून येतं.

पंधरा वर्षांत हा शेवटचा नियम ती एकदाच चुकली, आणि त्या चुकीतून ती बरणी घरात आली.

बोटवाले आजोबा थंड मुलखातले. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर इंजिन सांभाळत होते, आता ओंडक्यासारखी हाडं आणि त्यावर कातडं. ऑपरेशन होऊन गेलं होतं, पण अन्नावरची वासनाच गेली होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पंचेचाळीस किलो झाल्याशिवाय विमानात बसू देणार नाही. इतका लांबचा प्रवास झेपायचा नाही. आले तेव्हाच्या तपासणीत काटा एकेचाळीसवर थांबला होता. घरी त्यांची मुलगी होती, आणि या थंडीच्या आत घरी पोचायचं एवढी एकच गोष्ट ते दुभाषी बाईंना पुन्हा पुन्हा सांगत.

त्यांच्याकडे घरून आणलेली एक छोटी बाटली होती. मिठात घालून महिनोन् महिने जमिनीत पुरलेला मासा. तो सडलेला नसतो, आंबलेला असतो, असं दुभाषी बाईंनी समजावलं, तेही खिडकीकडे तोंड करून. मावशीनं पहिला तुकडा खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकाच्या मुळापासून मेंदूपर्यंत काहीतरी चरचरत गेलं. आजोबांनी काहीतरी विचारलं, दुभाषी बाईंनी “कसं लागतं?” म्हटलं, आणि धाप लागलेल्या मावशीच्या तोंडून, पाहुण्याच्या घरी निघतं तसं, निघून गेलं, “छान आहे.”

आजोबांचा चेहराच बदलला. त्यांनी स्वतः एक तुकडा खाल्ला. त्यानंतर पाव मागितला, अर्धा पेला दूध घेतलं. रात्री त्यांनी मुलीला फोन केला, आणि तीन आठवड्यांनी तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हातून लाल झाकणाची चार किलोंची बरणी आली. बरोबर चिठ्ठी: वडिलांबरोबर जेवणाऱ्या मावशींसाठी. बाहेरच्या कुणाला हे आवडल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकतो आहोत. सगळ्या गावाला आनंद झाला.

“ही वॉर्डात राहिली तर बाकीचे पेशंट पळून जातील,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “आणि त्यातल्या निम्म्यांना चालतासुद्धा येत नाही.” वॉर्डातला फ्रीज औषधांचा. बाहेर ठेवली तर बरणी फुगते. म्हणून बरणी मावशीच्या घरी, आणि रोज दुपारी वॉर्डाच्या टोकाला जिन्याजवळच्या गॅलरीत खिडक्या सताड उघडून दोघांनी समोरासमोर बसून एकेक तुकडा खायचा, असं ठरलं. या गोष्टीला पाच आठवडे झाले होते.

त्या सोमवारी काट्यावर त्रेचाळीस चारशे भरले. गेल्या सोमवारी त्रेचाळीस सातशे होते.

“पुन्हा खाली,” सिस्टर म्हणाल्या. “जरा जास्त खायला घाला हो मावशी त्यांना.”

दुपारी आजोबा नेहमीसारखे गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसले. मावशीनं पाव आणि दूध पुढे ठेवलं. आजोबांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग तिच्याकडे.

सकाळपासून ती शब्द जुळवत होती. दुभाषी बाई आल्या तशी म्हणाली, “त्यांना सांगा, मला तो मासा आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी मी खोटं बोलले.”

दुभाषी बाई घुटमळल्या. “सांगू असंच्या असं?”

“असंच्या असं.”

त्यांनी सांगितलं. आजोबांनी खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांकडे नजर फिरवली. मग एवढंच विचारलं, “मग खात का होतात?”

“तुम्ही एकटे खात नव्हतात म्हणून.”

आजोबा उठले, भिंतीला धरून आपल्या खाटेपर्यंत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पाव तसाच राहिला. दुधावर साय धरली. संध्याकाळी सूप परत गेलं. तिनं तीन वेळा खाटेशी जाऊन पाहिलं. जागे होते, पण वळले नाहीत.

ड्यूटी संपवून ती जिन्यापर्यंत गेली, तोच दुभाषी बाई पर्स सावरत मागून आल्या. “अहो मावशी, थांबा. आजोबांनी निरोप दिलाय. उद्या आणा म्हणाले. फक्त त्यांच्यापुरता. तुम्ही खायचं नाही. तुम्ही नुसतं समोर बसायचं.”

घरी आली तेव्हा उजेड होता. बाहेरच्या खोलीत मशीनवर झाकण घातलेलं, दोरीवरची कापडं काढून घेतलेली, खिडक्या उघड्या. सून जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या. मुलगा वर्तमानपत्रानं तिला वारा घालत होता आणि बऱ्याच दिवसांनी त्याला काही विनोद सुचत नव्हता.

सासूनं फ्रीजकडे पाहिलं. “टाकलीस?”

“टाकणारच होते,” सून म्हणाली. “झाकण उघडलं. म्हटलं, बघू तरी, काय एवढं.” तिनं तोंडावरून पदर फिरवला. “नखाएवढा तुकडा घेतला हो. दुपारपासून चार वेळा उलटी झाली. दात घासले, लिंबू चोखलं, तरी जात नाही. अजून इथे आहे.” तिनं घशाला हात लावला.

“मी सांगत होतो, डॉक्टरकडे जाऊ,” मुलगा म्हणाला.

“काही होत नाही त्यानं,” सासू म्हणाली. “चहा घे, साखर जास्त घालून. उतरेल.”

सून तिच्याकडे बघत होती, आठ वर्षांत पहिल्यांदाच बघावं तशी. “तुम्ही हे रोज खाता?”

“रोज.”

“आणि तुम्हाला वास येतो याचा? माझ्यासारखाच?”

“काल तू दूध ओतून दिलंस ना, ते परवाच नासायला लागलं होतं. मला त्याचाही वास आला होता.”

“मग आवडतं कसं?”

“आवडत नाही.”

मुलानं वर्तमानपत्राची घडी घातली, मग उगाच पुन्हा उलगडली. सासूनं पदरानं हात पुसले, फ्रीज उघडून बरणी पाहिली. झाकण तिरपं बसलं होतं, ते काढून नीट घट्ट लावलं. मग फ्रीजपासून मशीनपर्यंतची तीन पावलं ती सावकाश चालली, आपल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि आतल्या खाटेकडे, खिडकीकडे, दाराच्या कडीकडे नजर टाकून परत आली.

“आजोबांचं वजन आज घटलंय,” ती म्हणाली. “अजून दीड किलो आणि वर शंभर ग्रॅम. महिना लागेल, दोन लागतील. तोवर बरणी इथेच राहील.”

“आई...” मुलगा म्हणाला.

“मशीन आत्ता माझ्या खोलीत न्या. कापडाची पेटी, दोरी, सगळं. खिडकी आहे, दार लागतं, आत वास यायचा नाही. माझी गादी इथे टाका, फ्रीजपाशी.”

“पण तो म्हातारा तर...” सासूनं आजोबांचा निरोप सांगितल्यावर सून अडखळत म्हणाली, “त्यांनीच सांगितलंय ना, तुम्ही खाऊ नका म्हणून. आता कशाला?”

“सांगितलंय.” सासूनं ओट्यावरचा पालथा डबा सुलटा करून धुतला आणि पुसून जागेवर ठेवला. “उद्या सकाळी मी दोन तुकडे काढणार आहे. सहा वाजता. तुम्हाला खिडक्या उघडायच्या असतील तर आधी उठा.”