दाव्याची गाठ

“सोडलं व्हतं म्हंती. मंग गाईनं सवताच्या हातानं बांधून घेतलं व्हय?”

ओट्यावर काका बोलत होते. शेजारचे म्हातारे हसले. मी आत दाराआड चहाचे दोन कप घेऊन उभी होते. चहावर साय धरली, तरी मला बाहेर जाववेना.

आदल्या संध्याकाळी आमची गाय गेली होती. जनावर जायला टेकलं की आमच्या घरी त्याच्या गळ्यातलं दावं सोडतात. दाव्यात प्राण गेला तर जीव खुंट्यापाशीच अडकतो, त्याला पुढचा जन्म नाही, आणि पाप शेवटचा हात लावणाऱ्याच्या माथी येतं. हे मला गाय गेल्यावर कळलं. मी पुण्याला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात राहायची. चिंचवडला यायची ती सुट्टीपुरती.

दुपारी काकूनं दावं सोडलं आणि ती मळ्यात गेली. घरी मी एकटीच. थोड्या वेळानं गाय कशीबशी उठली आणि झोकांड्या खात रस्त्याकडे निघाली. पिंपरीच्या नव्या कारखान्यासाठी दगड वाहणारे ट्रक तेव्हा तिथून सारखे जात. मला वाटलं, काकू बांधायचं विसरली. मी गाईला गोंजारत परत आणलं आणि दावं बांधलं. शाळेत गर्ल गाइडच्या तासाला शिकवलेली गाठ मारली, ओढली की आणखी घट्ट बसणारी. गाठ छान जमली म्हणून मला बरंही वाटलं होतं.

संध्याकाळी काकांना ती गाठ सुटेना. त्यांनी विळ्यानं दावं कापलं, पण तोवर गाईचे डोळे थिजले होते.

“म्या सोडलं व्हतं वो, देवाशपत,” काकू म्हणत राहिली. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. गोठ्यातल्या कामाशी माझा संबंध असेल असं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

आता प्रायश्चित्त ठरत होतं. ते दावं गळ्यात घालून काकूनं अनवाणी नदीपलीकडे काळेवाडीपर्यंत जायचं, पाच दारी भिक्षा मागायची. दावं गळ्यात पडलं की परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

“तेवढाच आमच्या कानाला इसावा,” काका म्हणाले. या वेळी म्हातारे हसले नाहीत.

मी कप चुलीपाशी ठेवले. मागच्या दारानं विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शाळेत एकदा एका मुलीनं विचारलं होतं, माझं मांजर स्वर्गात भेटेल का? सिस्टर शांतपणे म्हणाल्या होत्या, जनावराचा आत्मा त्याच्या देहाबरोबरच संपतो. तेव्हा मला सिस्टरांचा राग आला होता. आज मात्र त्यांचं वाक्य मी घट्ट धरून बसले होते. त्या म्हणतात ते खरं असलं, तर गाय कुठंही अडकलेली नव्हती आणि माझ्या हातून काहीच घडलं नव्हतं. पण मग गाय कुठंच नव्हती. मी लहानपणी जिच्या पोटाला टेकून झोपायची ती गाय, कुठंच नाही. आणि घरातल्यांचं खरं असलं, तर ती अजून त्या खुंट्यापाशी उभी होती, माझ्या गाठीत. दोन्हींतलं काय खरं असावं असं मला वाटत होतं, तेच ठरेना. गोठ्यावरून जाताना मी मान वळवली नाही.

मी पुढच्या दारात आले, तेव्हा अंगणात काकू आली. पदर डोक्यावरून घेतलेला, पाय अनवाणी. कापलेली टोकं तिनं बांधून घेतली होती, पण माझी गाठ दाव्यात तशीच होती. काकूनं ती बोटांत धरून फिरवून पाहिली. “ही गाठ माज्या हातची न्हाई,” ती पुटपुटली.

“झालं का सुरू पुन्यांदा?” काका म्हणाले. “घाल गळ्यात आन् नीघ.”

काकूनं दावं उचललं. ते एकदा गळ्यात पडलं की तिला बोलता येणार नव्हतं, आणि मी तर न बोलण्यात तरबेज होते. मी पायरी उतरले आणि दावं दुसऱ्या बाजूनं धरलं.

“काकू, हे मी बांधलं. तू सोडलं होतंस, मी पुन्हा बांधलं. दे इकडं, मी जाते.”