मी काढलेलं प्रेम

माझ्या चित्रांच्या प्रदर्शनाचा विषय 'प्रेम' आहे हे कळल्यावर धुळ्याहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग उन्हाचं बोलली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्रेम? कोनावर वं?"

"कोणावर म्हणजे? विषय आहे तो," मी म्हणाले.

"मानसं इचारतीन ना. पाव्हना पुन्याले, तू तठे एकली, आन् हाई प्रेमनं प्रदर्शन."

मी हसून विषय बदलला. पण अक्काचं चूक नव्हतं. नवरा पुण्यात आणि बायको जळगावात, तेही या वयात, हे आमच्याकडे पटकन कुणाच्या पचनी पडत नाही. बायको मुलाकडे गेली आणि नवरा इथे मेसचा डबा खातोय, असं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. आमच्या कॉलनीत तशी तीन घरं आहेत.

मुलाला मुलगा झाला त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. मी चित्रकलेची शिक्षिका होते. धुळ्याला कोर्स केला, लग्न होऊन जळगावला आले आणि इथल्याच एका शाळेत सगळी नोकरी झाली. या काळात मी गॅदरिंगचे पडदे रंगवले, फलकावर सुविचार लिहिले, मुलींच्या परीक्षेची स्थिरचित्रं मांडली. माझं म्हणून एक चित्र काढलं नाही. निवृत्तीनंतर काढायचं ठरवलं होतं. तेवढ्यात पुण्याहून मुलाने विचारलं, "आई, तू येशील ना? हिची रजा संपतेय."

मी म्हणाले, "मला थोडे दिवस दे."

फोन स्पीकरवर होता. हे शेजारी पेपर वाचत होते. पेपर न उतरवताच म्हणाले, "मी येतो."

आधी सगळे हसले. सुनेला तर फारच अवघडल्यासारखं झालं. सासरे बाळाची लंगोटं बदलणार, हे तिला बघवेना. पण हे गेले आणि शिकले. जामनेरच्या सरकारी कचेरीत सगळी नोकरी केलेला माणूस पेज करायला शिकला, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला शिकला. महिनाभरासाठी म्हणून गेले होते. नातू यांच्या खांद्याशिवाय झोपेना, मग महिन्याचे दोन झाले, मग वर्ष झालं. दिवाळीला आले की चार दिवस राहायचे, आणि तेव्हाही कान फोनकडे असायचा.

मी चित्रं काढत होते. मला जे हवं होतं तेच मिळालं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? एका माणसाचा स्वयंपाक जमायला मला बरेच महिने लागले. एका भाकरीचं पीठ मळलं तर ते परातीत हरवल्यासारखं वाटायचं. मग दोन भाकरी व्हायच्या आणि दुसरी संध्याकाळी वाळून जायची. सगळ्यात जास्त अडायचं ते पाठीचं. उभं राहून रंगवलं की खांद्याच्या खाली दुखायचं आणि बाम लावायला तिथे हात पोचायचा नाही. मी उलथन्याला कापड गुंडाळून त्यावर बाम घ्यायची आणि आरशाकडे पाठ करून अंदाजाने लावायची. बाम निम्मा ब्लाउजला लागायचा. संध्याकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला जायची. तिथे ओळखीच्या बायका भेटायच्या. "एकटीच?" म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

प्रेमावर काढायचं हे कधी ठरलं ते सांगता येत नाही. आधी मी एक जोडपं काढून बघितलं. झाडाखाली बसलेलं, एकमेकांकडे बघणारं. ते अगदी जुन्या कॅलेंडरवरच्यासारखं झालं. पुसून परत काढलं तरी तसंच. मग ते बाजूला ठेवलं आणि जे डोळ्यासमोर येईल ते काढायला लागले. पहिलं चित्र स्कूटरचं झालं. यांच्या पांढऱ्या शर्टात वारा भरलाय आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागे पळतायत. आम्ही सासरी पारोळ्याला नाही तर कुणाच्या लग्नाला असेच जायचो. मग सकाळी जामनेरची बस पकडायला निघालेले हे, हातात डब्याची पिशवी. बेसिनसमोर दाढी करणारे हे. मी दवाखान्यात होते तेव्हा खिडकीशी उभे राहिलेले हे. शिडीवर चढून माझा गॅदरिंगचा पडदा बांधून देणारे हे. शेवटी पुण्याला काढलेल्या एका फोटोवरून बाळाला खांद्यावर घेतलेले हे, आणि त्या खांद्यावरून आपल्याकडे बघणारं बाळ.

वीसेक चित्रं झाली तेव्हा शाळेतल्या जुन्या मैत्रिणीने गावातल्या एका कलादालनात आठवडा मिळवून दिला.

उद्घाटनाला यायचं यांनी कबूल केलं होतं. त्या दिवशी सकाळीच फोन आला. "अगं, रात्री याला ताप भरलाय. दोघांनाही सुट्टी नाही. तू नारळ फोडून घे, मी शेवटच्या दिवशी नक्की येतो."

"बरं," मी म्हणाले. "औषध दिलं का?"

"दिलं. आता झोपलाय. मांडीवरच आहे."

मी इस्त्रीची साडी नेसून एकटीच रिक्षाने गेले. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य होते. ते राधाकृष्णावर फार छान बोलले. माझ्या चित्रांत राधाकृष्ण कुठेच नव्हते, पण भाषणाच्या आधी त्यांनी चित्रं पाहिलेली नव्हती. टाळ्या झाल्या, पेढे झाले. शाळेच्या मैत्रिणी आल्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनी आपापल्या मुलांना घेऊन आल्या. बाळाच्या चित्रापुढे सगळ्यांनी फोटो काढले. एक जण मला म्हणाली, "हे तुमचे मिस्टर ना? आता कसे आहेत?" जणू ते आजारीच होते. मी म्हणाले, "चांगले आहेत."

दुसऱ्या दिवसापासून गर्दी ओसरली. मी दाराशी टेबलामागे बसून असायची. दुपारी तर कोणीच नसायचं. तिसऱ्या दिवशी कॉलेजातलं एक जोडपं आलं. बाहेरच्या पाटीवरचा 'प्रेम' हा शब्द वाचून आले असतील किंवा आतला गारवा बघून. कोपऱ्यातल्या बाकावर चित्रांकडे पाठ करून बसले आणि हळू आवाजात बोलत राहिले. मी मोबाइलमध्ये बघत असल्याचं दाखवत होते. रोज यायला लागले. जाताना मुलगी माझ्याकडे बघून लाजून हसायची. त्यांनी एकही चित्र नीट पाहिलं नसेल, पण ते आले नाहीत त्या दुपारी मी दोनदा बाहेर डोकावले.

पाचव्या दिवशी अक्का आली. धुळ्याहून एसटीने, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून, हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याच्या भरताचा डबा. आधी मला टेबलावरच जेवायला लावलं. मग एकेका चित्रापुढे उभी राहत सगळा हॉल फिरून आली.

"हाई बठ्ठं तूच काढं?"

"हो, सगळं मीच."

"चांगलं शे." मग माझ्या शेजारी बसली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुले एकलीले भ्याव नही वाटस का?"

"भीती नाही वाटत."

"मंग काय वाटस?"

मी हात सोडवून डब्याचं झाकण लावत बसले. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. चारच्या बसने परत गेली. जाताना डबा माझ्याकडेच ठेवला.

शेवटच्या दिवशी हे खरंच आले. रेल्वे स्टेशनवरून थेट हॉलवरच, खांद्याला बॅग. वाळले होते. मी उठून उभी राहिले.

"ताप उतरला?" मी विचारलं.

"उतरला. कालपासून खेळतोय." त्यांनी बॅग टेबलाखाली ठेवली. "बघू का?"

"बघा की. त्यासाठीच आलात ना."

हात मागे बांधून ते पहिल्या चित्रापासून निघाले. मी जागेवरून बघत होते. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत फिरून येतील आणि चहा कुठे मिळतो विचारतील. पण त्यांना बराच वेळ लागला. दवाखान्याच्या चित्रापुढे थांबले, पुढे गेले, परत तिथेच आले. सगळं बघून झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "छान आहेत. मेहनत दिसते."

एवढंच. मला जरा लागलं. पण चित्रं उतरवायची होती, टेम्पोवाला खाली उभा होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, प्रत्येक चित्राला जुनी चादर गुंडाळली, दोऱ्या आवळल्या, आणि टेम्पोत चित्रांना धरून मागेच बसले.

संध्याकाळी खिचडी केली. ताटावर बसल्यावर त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"सगळ्या चित्रांत माझी पाठच आहे."

मी हसले. "असं कसं? बाळाच्या चित्रात..." आणि थांबले. बाळाच्या चित्रातही पाठच होती. चेहरा होता तो बाळाचा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, चादरीत गुंडाळलेल्या चित्रांकडे मी बघत राहिले. एकेक आठवून पाहिलं. दाढीच्या चित्रात आरसा होता, पण त्यात मी उजेड रंगवला होता. दोन वर्षं मी ही चित्रं काढली होती. आठवडाभर त्यांच्यासमोर बसले होते. एवढी माणसं येऊन गेली. हे कुणालाच दिसलं नव्हतं आणि मलाही नाही.

"मला वाटलं, तुला माझं तोंड आवडत नाही की काय," ते म्हणाले. रागावून नाही, साधंच.

"तसं नाही हो," मी म्हणाले. "मी स्कूटरवर मागेच बसायची. सकाळी तुम्ही निघायचात तेव्हा गॅलरीत उभी असायची, ते पाठमोरेच. तुम्ही कधी वळून बघितलंत?"

त्यांनी घास खाली ठेवला. जरा विचार केला.

"हाक मारायचीस," ते म्हणाले.

मी उठून ताक आणायला गेले आणि ओट्यापाशी उगाच थोडा वेळ उभी राहिले. रडू आलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून दोघंही एकमेकांची वाट बघत होतो की काय, असं मात्र वाटून गेलं. ताक घेऊन आले तेव्हा त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पूर्वेच्या खिडकीशी खुर्चीवर बसवलं. "हलायचं नाही," म्हणाले. कागद लावला, कोळसा घेतला आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना. शाळेत हजारो मुलींना चेहऱ्याची मापं शिकवली होती मी. तरी या चेहऱ्याला कुठून धरायचं ते समजेना. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे. भुवईत एक जुना व्रण आहे.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"पारोळ्याचा किल्ला. लहानपणी खंदकात पडलो होतो. लग्न झाल्यावर सांगितलं होतं तुला."

"आठवत नाही."

"तू त्या वेळी माझ्याकडे बघत कुठे होतीस? मान खाली घालून ऐकायचीस."

ते तासभर बसले. मध्ये पुण्याहून फोन आला, तो त्यांनी हलू नये म्हणून मीच उचलला. नातू आजोबांसाठी रडत होता. "आजोबा कामात आहेत," मी सांगितलं. माझ्यासमोर बसणं हे त्यांचं काम आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "तू का येत नाहीस तिकडे? खोली आहे. उजेड पण चांगला येतो."

"तिथे मी आजी होईन. इथे चित्रं होतात."

"मग मी इथे येऊ?"

मला हो म्हणायचं होतं. पण फोनवरचं पोराचं रडणं अजून कानात होतं. "तो शाळेत जायला लागला की या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. हलले म्हणून मी ओरडले नाही.

ते दोन दिवस राहिले. जायच्या आदल्या रात्री मी बामची बाटली त्यांच्या हातात दिली आणि पाठ करून बसले. त्यांनी विचारलं, "इथे?" मी म्हणाले, "जरा खाली." हात तसाच होता, खरखरीत, आणि घाई नव्हती.

स्टेशनवर सोडायला गेले. गाडी सुटल्यावर ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. आत जायला सांगेपर्यंत गेले नाहीत. मी रिक्षा न करता चालत आले. घर उन्हाने तापलं होतं. सकाळच्या चहाचं पातेलं घासून पालथं ठेवलेलं दिसलं, ते त्यांनीच ठेवलं असणार.

चेहरा अजून पूर्ण झालेला नाही. भुवई जमली, व्रण जमला, डोळ्यांत मात्र काहीतरी चुकतंय. रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा तसं सांगितलं.

"फोटो पाठवू का?" ते म्हणाले.

"नको. फोटोवरून नाही जमत."

"बरं. पुढच्या महिन्यात चार दिवस निघतात का बघतो." मागे नातू ओरडत होता. "जेवलीस का?"

"अजून नाही," मी म्हणाले. "आत्ता एक वाजतोय. टाकतेय भाकरी."