तारखेची मोकळी जागा

"आधी झाका," असं म्हणत मुन्शीजी खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढायचे आणि समोरच्या नमुना उत्तरावर आडवं ठेवायचे. मग आपण आपलं उत्तर लिहायचं. लिहून झालं की ते कार्ड एकेक ओळ खाली सरकवायचे आणि आपलं जे चुकलं असेल त्याच्याखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढायचे. माझ्या पहिल्या कागदावर इतक्या रेघा झाल्या की मी म्हणालो, "मुन्शीजी, यापेक्षा जे बरोबर आहे त्याच्याखाली ओढा, पेन्सिल वाचेल." ते हसले नाहीत. "बघून लिवलं तर आपलं काय चुकायलंय तेच कळत न्हाई," म्हणाले.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. परभणीत आमच्या ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत ते वीस वर्षं मुन्शी होते आणि मी नुकताच उमेदवार म्हणून लागलो होतो. त्या काळी वकिलीच्या सनदेसाठी नुसती एलएलबी पुरत नसे, आणखी एक लेखी परीक्षा असायची. तीत चार ओळींची हकीकत देत आणि तिच्यावरून दावा, कैफियत किंवा नोटीस लिहायला लावत. आमच्या कचेरीतून जो कोणी पास होई, त्याला हे निकाल लागल्या लागल्या बसवून घेत आणि परीक्षेत काय लिहिलं ते आठवून पुन्हा लिहायला लावत. अशा उत्तरांचा एक बस्ताच त्यांनी लाल कापडात बांधून ठेवला होता. त्यावर घासून घासून पाच जण वकील झाले, सहावा मी. ते स्वतः मात्र दोनदा नापास झालेले होते.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत असा माणूस पाहिला असेल, ज्याच्यावाचून साहेबांचं पान हलत नाही आणि ज्याला कोणी साहेब म्हणत नाही. हे राणीसावरगावचे, बौद्ध कुटुंबातले. नोकरी सांभाळून चाळिशीत एलएलबी झालेले. त्यांच्या भागातली माणसं कचेरीच्या ओट्यावर आली की आधी त्यांना "जयभीम" घालत आणि मग चपला काढून वकिलांसमोर उभी राहत. कागद सगळा यांचा, पण कोर्टात तोंड उघडायचं दुसऱ्यानं. एकदा मी विचारलं, या वयात सनद कशाला हवी? म्हणाले, "आमचं माणूस पिंजऱ्यात हुबं ऱ्हायलं की त्याच्या बाजूनं बोलणारा बी आमचाच असावा. येकदा तरी."

माझा निकाल लागला तेव्हा पेढा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला आणि आधी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. शेतातून हुसकावलेल्या माणसाचा दावा होता. वाचता वाचता एका जागी थांबले.

"ही तारीख सवालात होती?"

"नव्हती. मी टाकली मनानं."

"मनानं?"

प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट छापलेलं असायचं, की नसलेला तपशील कल्पनेने भरावा. सगळ्यांनीच भरला होता, बस्त्यातल्या प्रत्येक नमुन्यात तो होता. मग मी त्यांच्या आधीच्या दोन परीक्षांचं खोदून विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. ताबा गेल्याच्या तारखेपुढे या गृहस्थांनी दोन्ही वेळा जागा मोकळी सोडली होती आणि समासात लिहून आले होते, 'पक्षकारास विचारून भरणे'. मी कपाळावर हात मारला. "अहो, परीक्षेत कुठला पक्षकार?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला एका बाईची गोष्ट सांगितली. कामाला लागल्याचं पहिलंच वर्ष. जिंतूरकडची एक विधवा, तिच्या शेतात दिरानं नांगर घातलेला. वकील घाईत होते, बाई ओट्यावर बसली होती आणि कागदात तारीख राहिली होती. यांनी अंदाजानं टाकली. उठून दहा पावलं जायचा कंटाळा केला, इतकंच. पुढे साक्षीत बाईनं खरं ते सांगितलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कागदात महिनाभर आधीची तारीख. बाई खोटी ठरली आणि शेत गेलं.

"शिव्या द्यायला पायजे होत्या तिनं," ते म्हणाले. "तिनं काय म्हणावं? 'लेकरा, मला इचारायचं तरी.' बस, इतकंच."

तिसऱ्या परीक्षेआधी, या वेळी तारीख भराच म्हणून, मी त्यांच्या हनुवटीला हात लावायचा बाकी ठेवला. डोळे साथ देत नव्हते, ही शेवटचीच म्हणत होते. रोज कोर्ट सुटल्यावर आम्ही बसायचो. आता कार्ड मी धरायचो आणि लाल पेन्सिल माझ्या हातात. तारखेपाशी आले की त्यांचा टाक अडायचा. मी म्हणायचो, "भरा." ते भरायचे, पण हात लाजल्यासारखा चालायचा. निघताना मी त्यांच्याकडून वचन घेतलं, की जागा मोकळी सोडणार नाही.

परत आले ते वेगळेच. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"भरली?" मी विचारलं.

"भरली."

"कोणती?"

"तिची. चालू सालच्या पोळ्याचा दुसरा दिवस. खोटी कशाला टाकायची म्हणलं, येक खरी हाय की आपल्यापाशी."

मी प्रश्नपत्रिका मागून घेतली. पुन्हा ताबा गेल्याचाच दावा. तिसऱ्या ओळीत छापलं होतं, की ताबा गेल्यावर वादीनं चालू सालच्या जुलैत प्रतिवादीला नोटीस दिली. पोळा जुलैनंतर येतो. म्हणजे त्यांच्या कागदात शेत जायच्या आधीच नोटीस गेली होती. दुसऱ्याच्या दाव्यात ही चूक त्यांनी चालता चालता पकडली असती.

"आता बसतंय ना नमुन्यात?" ते विचारत होते.

"बसतंय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तसे निकालापर्यंतचे दोन महिने त्यांचे सुखात गेले, आणि त्या दोन महिन्यांत मला त्यांच्याकडे नीट बघता आलं नाही.

निकाल पुन्हा तोच लागला. त्यांनी कपाट लावलं, किल्ल्या वकिलांच्या हातात दिल्या आणि बस्ता बगलेत मारून गावी गेले. पुढे ती परीक्षाच बंद झाली. नुसत्या एलएलबीवर सनद मिळणार, हे कळलं त्या दिवशी मी अर्जाचा फॉर्म घेतला आणि एसटीनं राणीसावरगाव गाठलं. रस्ताभर मनात त्यांचं नाव त्या फॉर्मवर भरत होतो.

दारात त्यांची बायको होती. "चार महिनं झाले," ती म्हणाली. काविळीनं गेले. तिनं पाणी दिलं, आतून लाल कापडाचा बस्ता आणला आणि म्हणाली, "तुमी आलाव तर देयाला सांगितलं होतं."

परतीच्या गाडीत मी तो सोडला. सगळ्यात वर माझंच उत्तर होतं, पास झालेलं. त्यात बाकी कुठेच खूण नव्हती, लाल रेघ एकच, तारखेखाली. आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कुणाला इचारलं?'