बिनमापाचे कपडे

कोरियातल्या देगू शहरात, सोमुन बाजारात ओकनानचं दुकान कुणालाही विचारा, बोट दाखवतील. मात्र बरोबर यायला कुणी तयार होणार नाही. रजयांच्या गल्लीत, लग्नाच्या लालभडक रजयांच्या दुकानांमध्ये चेपून बसलेलं ते एकच दुकान माणसाला अखेरचे घालायचे कपडे विकतं. तागाचा पिवळसर पायघोळ झगा, तसलेच मोजे, हातमोजे, तोंडावर टाकायचा रुमाल. नव्या नवऱ्या रजई बगलेत मारून त्याच दारावरून जातात, जरा पाय उचलून जातात इतकंच.

यंदा अधिक महिना आला होता. अधिकात देवांचं लक्ष दुसरीकडे असतं, काही केलं तरी बाधत नाही, अशी तिकडे समजूत. म्हणून मुलं आईबापांचे अखेरचे कपडे याच महिन्यात करून ठेवतात. त्यानं म्हणे म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढतं. एरवी माशा मारत बसणाऱ्या ओकनानला अधिकात पाणी प्यायला फुरसत नसायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिचा जावई येऊन थडकला. आपल्याकडे अधिकात जावयाला अनारसे देतात. हा बापडा अनारसे खायला आला नव्हता, पण खायला आलो आहे असंच सांगत होता.

जावयाचं नाव आर्तो, राहणार फिनलंड. ओकनानची एकुलती एक पोरगी उनजू तिकडे शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. तेही ओकनाननं गिळलं असतं. पण बाप गेला तेव्हा उनजूचं विमान हुकलं आणि ती पोचली ती माती झाल्यावर. दारात उभ्या राहिलेल्या पोरीला ओकनान म्हणाली, "आता कशाला आलीस? माझ्या मातीलाच ये!" पोरगी आईच्याच वळणाची. बॅग न उघडता परत गेली, ती गेलीच. त्यानंतर सणावाराला फोन यायचा, त्यात थंडी किती आणि ऊन किती एवढंच. ओकनानला स्वतःचं ते वाक्य अन्नात खडा लागावा तसं रोज लागायचं. पण माफ कर म्हणायचं तर जीभ टाळूला चिकटायची. पोरीनं एकदा घरी यावं, यापलीकडे तिला या जगाकडून काही नको होतं.

म्हणून जावई एकटाच आलेला पाहून ती आधी हिरमुसली, मग मनातून फुलली. समोरच्या रजईवाल्या पिलसुननं तिला तसं समजावलंच. "अगं ताई, तहाला आधी दूत येतो. पोरीनं हा पुढे धाडलाय, म्हातारी चावते का बघायला. चांगला खिलव पिलव. पुढच्या सणाला दोघं येतात की नाही बघ."

"चावायला दात कुठे उरलेत मला?" ओकनान म्हणाली. तरी तिनं शनिवारी भर गर्दीत गिऱ्हाइकं पिलसुनच्या गळ्यात घातली आणि जावयाला घेऊन बाजारात निघाली.

आर्तो उंचीला ताडमाड, बोलायला दगड. त्याच्या फोनमध्ये एक बाई होती, ती इकडचं तिकडे बोलून दाखवायची. त्याचं स्वतःचं कोरियन सगळं बायकोकडून उचललेलं, त्यामुळे तो दाढीवाला गडी देगूच्या शाळकरी पोरीसारखा लाडात बोलायचा. मंडू, म्हणजे तिकडच्या उकडलेल्या करंज्या, विकणारीकडे जाऊन तो म्हणाला, "अगं मावशी, मला आणखी एक दे ना गं!" तेव्हा सगळी ओळ खो खो हसली. ओकनानही हसली. मग तिला वाटलं, हे तर आपल्या पोरीचं बोलणं. अगदी तिचाच हेल. तिनं तोंड फिरवून पदार्थाचे पैसे दिले.

त्यानं काय काय खाल्लं! पातळ चपट्या मंडू, हातानं कापलेल्या नूडल्सचा रस्सा, आत दाणे आणि साखर भरलेली तव्यावरची गरम पोळी. नूडल्सची म्हातारी तीच हवी, जिन्याखालची, शेजारचीकडे नको. गोड पोळी कागदाच्या पेल्यातच हवी. एवढं नेमकं याला कुणी सांगितलं हे काय ओकनानला कळत नव्हतं? तिला खटकत होतं ते वेगळंच. माणूस आवडीनं खातो तेव्हा दिसतं. हा डोळे मिटून, एकेक घास घोळवून, परीक्षेला बसल्यासारखा खात होता. लसूण-मिरचीतली बरगडी खाताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट लागलं का, जावईबापू? पाणी घ्या," ती म्हणाली.

"नाही गं आई," तो म्हणाला आणि धारा तशाच ठेवून पुढचा तुकडा उचलला.

संध्याकाळी तिनं घरी कोंबडी शिजवली. जावई दारात आला की सासू अंड्यावरची कोंबडीसुद्धा राखत नाही, असं तिकडे म्हणतात. ओकनानच्या फ्लॅटमध्ये कुठली कोंबडी! पण तिनं ती बाजारातली, सगळ्यांत महाग आणली, पोटात तांदूळ भरून, दोरा बांधून मंद आचेवर ठेवली. जेवताना तिनं धीर करून फोनमधल्या बाईला विचारलं, "माझी पोरगी बरी आहे ना?"

बाईनं विचारलं. आर्तो पायाच्या तुकड्याकडे बघत बसला. "ती तुमच्या हातच्या जेवणाची आठवण काढते," बाई त्याच्या वतीनं म्हणाली.

उत्तर विचारलं त्याचं नव्हतं. पण आठवण काढते हे ऐकून ओकनानला एवढं भरून आलं की बाकीचं तिनं सोडून दिलं. तिनं दुसरा पायही त्याच्याच ताटात घातला.

रविवारी खरेदी. आंबट मुळ्याचं लोणचं, वाळवलेली पर्सिमनची फळं, आणखी आंबट काहीतरी. पिलसुन आपल्या दारातून सगळं बघत होती. तिनं ओकनानला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, डोळे कुठे गेलेत तुझे? बायकोचे डोहाळे पुरवतोय तो!"

"चल, काहीतरीच. चाळिशीला आली ती."

"आजकाल चाळिशीतच होतात. हे बघ, याच्यापुढे जर त्यानं शेवाळ मागितलं ना, तर पेढे मी वाटते."

आणि त्यानं शेवाळच मागितलं. वाळवलेलं काळं समुद्रशेवाळ. बाळंतिणीला तिकडे त्याचंच सूप देतात, महिनाभर, तिन्ही वेळा. वाढदिवसालाही करतात ते आईच्या त्या दिवसांची आठवण म्हणून. शेवाळवाली जुडी दुमडून पिशवीत कोंबायला लागली तशी ओकनान ओरडली, "अगं मोडू नकोस! पोरीसाठी आहे!"

बाळंतिणीचं शेवाळ मोडत नाहीत आणि त्याचा भावही करत नाहीत, बाळंतपण अडतं. शेवाळवालीनं जीभ चावली, हातभर लांब जुडी तशीच सरळ कागदात गुंडाळली, आर्तोच्या दोन्ही हातांत दिली आणि फोनपाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "अभिनंदन हो! बाळ-बाळंतीण सुखरूप राहोत!"

फोनमधल्या बाईनं ते त्याच्या भाषेत सांगितलं. आर्तोचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यानं सासूकडे पाहिलं. सासू सगळ्या गल्लीसमोर हसत होती, हसताना दात नाहीत म्हणून तोंडावर धरायचा हातसुद्धा विसरली होती. तो ती लांब जुडी लहान मुलासारखी आडवी धरून तिच्यामागून चालत दुकानात आला.

दुकानात आल्यावर त्यानं जुडी हळूच टेबलावर ठेवली आणि भिंतीवर टांगलेल्या बायकी झग्याकडे बोट दाखवलं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "मला हा पोशाख हवा आहे."

ओकनानला हसू आवरेना. "अहो जावईबापू, तो नाही घ्यायचा! परदेशी लोक नेहमी फसतात, कापड छान दिसतं ना. मागे एक बाई तर अंगाला लावून आरशात बघायला लागली होती. तो मेलेल्या माणसाचा असतो, समजलं? मेलेल्या!" आणि समजावं म्हणून तिनं डोळे मिटून मान टाकून दाखवली.

आर्तोनं मान हलवली. समजलं होतं. आधीपासून समजलेलं होतं. त्यानं हाताचा तळवा आडवा धरला, आपल्या छातीपाशी आणला, जरा वर सरकवून खांद्याला टेकवला आणि तिथेच ठेवला. एवढी. एवढ्या उंचीच्या बाईसाठी.

त्या धंद्यात उभा जन्म गेला, पण ओकनानला कुणी उंची दाखवली नव्हती. हे कपडे मापाचे नसतातच. सगळे ऐसपैस, एकाच बेताचे. लहानखुरी बाई त्यात हरवते, थोराड बाई मावते. जिवंत माणसाचं माप घेऊन हा कपडा बेतणं म्हणजे यमाला आवतण. बाजारातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. हे ठाऊक नसलेला एक हाच, आणि त्याच्या खांद्याला कोण लागतं हे ओकनानला विचारावं लागलं नाही.

ती उठली आणि त्याला मारायला लागली. दोन्ही मुठींनी, छातीवर, दंडावर, वळला तशी पाठीवर. "खात होतास! दोन दिवस खात होतास माझ्यासमोर! तोंड नव्हतं तुला?" तो वाकून उभा राहिला, तिला नीट मारता यावं म्हणून. पिलसुन धावत आली आणि दारातच थिजली.

"ती म्हणाली सांगू नको," आर्तो त्याच्या त्या शाळकरी बोलीत म्हणाला. "म्हणाली, तू जा, सगळं खा, आणि मला येऊन सांग कसं लागतं. म्हणाली, कपडे आईच्या हातचे आण. ती खात नाही गं आई आता. काहीच खात नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा दोन दिवस हिंडला होता बिचारा. ओकनानच्या मुठी उघडल्या. "लाव," ती म्हणाली. "लाव तिला फोन."

तिकडे सकाळ होती. बरीच वाट पाहिल्यावर आवाज आला, एवढासा.

"आई?"

"जेवलीस का?" सबंध देगूत बोलणं याच शब्दांनी सुरू होतं. दुसरं ओकनानला सुचलंही नसतं.

"थोडंसं. तो जेवला का नीट?"

"जेवतोय कसला. रडत रडत बरगड्या खातो. लोक म्हणतात, सासू छळते."

पलीकडे उनजू हसली, आणि हसणं निभलं नाही म्हणून थांबली. मग म्हणाली, "आई, त्यानं सांगितलं तुला. कळलं मला तुझ्या आवाजावरून. मग... दिलेस का कपडे?"

"नाही."

"रागावू नकोस ना आता तरी."

"रागावत नाहीये. तुझ्या मापाचे नाहीत दुकानात."

उनजू त्या टेबलाखाली रांगली होती. त्याच तागाच्या चिंध्यांच्या बाहुल्या करून खेळली होती. तिनं विचारलं, "आई, त्या कपड्यांना कधीपासून माप लागायला लागलं?"

"माझ्या दुकानात लागतं. माप घ्यायचं तर माणूस समोर पाहिजे. तू ये. उभी राहता येत नसेल तर आडवी ये, पण ये इथे."

"विमानात बसू देत नाहीत मला, आई. डॉक्टरांना विचारलं मी. तीनदा विचारलं."

तीनदा विचारलं. म्हणजे पोरगी यायला निघाली होती, आणि आई इथे सणावाराच्या फोनवर थंडी-उन्हाचं बोलत बसली होती. ओकनाननं टेबलाची कड धरली. मातीलाच ये, असं म्हणालेलं तोंड तेच होतं. आता त्यातून दुसरं काही निघायला हवं होतं.

"मी चुकले गं उनजू," ती म्हणाली. "दारातून तुला घालवलं, ते चुकलं माझं. मी येते. माप घ्यायला मी येते."

"तू? बसमध्ये सुद्धा उलटी होते तुला."

"होऊ दे. तुझ्या नवऱ्यावर करीन. एक लक्षात ठेव, मी पोचेस्तोवर रोज दोन घास खायचे. रोडावलीस तर माप चुकतं आणि मला सगळं उसवून पुन्हा शिवावं लागतं. मला म्हातारीला नको कामाला लावूस."

"बरं," उनजू म्हणाली. मग लहानपणी म्हणायची तसं, "लवकर ये, आई."

फोन बंद झाला. ओकनान ड्रॉवर उघडून काहीतरी शोधायला लागली, आणि शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की असल्या दुकानात टेप कधी नव्हताच. ती दारापाशी आली. सकाळपासून पेढे वाटायला निघालेली पिलसुन अजून तिथेच उभी होती. ओकनाननं तिच्यापुढे हात केला. पिलसुननं गळ्यातला टेप काढून तिच्या हातावर ठेवला आणि तोंडाला पदरासारखा एप्रन लावला.

"कशाला रडतेस?" ओकनान टेप बोटाला गुंडाळत म्हणाली. "माझी पोरगी वाट बघतेय माझी."