सशाची अँटिबॉडी
"मामांनी खोका उन्हात ठेवला असणार, अँटिबॉडी गेली!" सर दाराबाहेर कुणाला तरी सांगत होते. आमच्या लॅबचे शिपाईमामा परदेशातून आलेला तो अँटिबॉडीचा, बर्फ भरलेला थर्माकोलचा खोका ओल्या पंच्यात गुंडाळून, हडपसरहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते. त्या अँटिबॉडीमुळे पेशीतली एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम नावाची नाजूक जाळी चमकताना दिसायला हवी होती. माझ्या स्लाइडवर नुसता काळोख. मामांनी न विचारता माझ्यापुढे कमी साखरेचा चहा ठेवला, आणि तेव्हाच माझं लक्ष शेजारच्या बाटलीच्या लेबलकडे गेलं. अँटिबॉडी सशात तयार केलेली, म्हणून तिच्यावर घालायचं चमकणारं रसायनही सशाच्याच अँटिबॉडीला चिकटणारं हवं होतं. मी उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारं घातलं होतं. सर आत येऊन म्हणाले, "मामा, पुढच्या वेळी खोक्याला सारसबागही दाखवून आणा." मामा मान खाली घालून टेबल पुसत राहिले. लॅबमध्ये मी इंग्रजीतच बोलायचे, तेही कुणी विचारलं तर. मामांना कळावं म्हणून मी मराठीत, सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, खोका मी उघडला तेव्हा बर्फ तसाच होता. चूक माझी आहे, मामांची नाही."