परदेशी पर्यटकांच्या शोधात दिंडोरी

नाशिकला परदेशी पर्यटकांची संख्या भलतीच वाढल्याची बातमी वाचली आणि मी कोल्हापूरहून एसटी धरली. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. जगाला नाशकात एवढं काय दिसलं, ते मलाही बघायचं होतं.

रामकुंड, काळाराम, पांडवलेणी पालथी घातली. घाटावर यात्रेकरू होते, लेण्यांत शाळेची सहल होती. परदेशी म्हणावा असा एकच गोरा तरुण दिसला, तोही पोट धरून औषधाचं दुकान शोधत होता. बातमीतले बाकीचे कुठे दडले? हॉटेलच्या मॅनेजरनं सांगितलं, "दिंडोरीकडे वायनरीत जा. सगळे फॉरेनर तिथेच."

दुतर्फा द्राक्षबागा बघत मी वायनरीत (द्राक्षांची वाइन बनवायच्या कारखान्यात) पोचलो. अर्धी चड्डी, गॉगल आणि हॅट अशा वेशातला एक गृहस्थ ग्लास गोल फिरवून हुंगत होता. बसमध्ये घोकलेलं वाक्य मी त्याच्यावर सोडलं, "वेलकम टू इंडिया, सर!"

"काका, मराठीत बोला ना," तो म्हणाला. "पलीकडची बाग आमच्या आबांची आहे."

हा सुनील. अमेरिकेत स्थायिक, पासपोर्टही तिकडचा. मुक्काम मात्र माझ्याच हॉटेलात. माझा गोंधळ बघून तो हसला. "पासपोर्ट परदेशी, की माणूस परदेशी. तसंच मोजतात."

म्हणजे आईला भेटायला आलेला दिंडोरीचा मुलगा देशाचं पर्यटन वाढवत होता!

बाहेर त्याचे वडील जीप घेऊन ताटकळत होते. मला बघून म्हणाले, "तुमीबी चला जेवायला. मांडे केलेत."

मांडे (खापरावर भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) मी पहिल्यांदाच खाल्ले आणि थांबायचं विसरलो. सुनीलनं बाटलीतलं पाणी पीत अर्धा खाल्ला आणि "ऑथेंटिक" असा शेरा दिला.

"आज तरी घरी ऱ्हा," त्याची आई म्हणाली. "खोली बांधलीय ना तुझ्यासाठी."

तिनं दार उघडून दाखवलं. आत एसी होता, पलीकडे इंग्रजी संडास होता. कमोडवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

"हॉटेल बुक आहे गं. उद्या अजिंठ्याला निघायचंय."

दारात टॅक्सी आली. सुनीलनं आईवडिलांना उंबऱ्यावर उभं केलं. "आबा, थोडे डावीकडे सरका. दरवाजा पूर्ण येऊ दे." फोटो काढला आणि गेला.

मीही उठलो, तर त्याची आई म्हणाली, "तुमी कुठले?"

"कोल्हापूरचा."

"लय लांबून आलात की. ऱ्हावा मग आज."

नाही म्हणवेना. कमोडचं प्लास्टिक शेवटी कोल्हापूरनं काढलं. सकाळी आबांनी आग्रहानं विचारलं, "एसी बरा चालला ना? गार व्हती ना खोली?" मी थंडीनं दोन गोधड्या पांघरल्या होत्या. "झकास," म्हणालो. ते बायकोकडे बघून असे हसले, जणू सुनीलनंच पसंती दिली.

परतीच्या गाडीत शेजाऱ्यानं विचारलं, "नाशिकला कुणाकडे गेला होता?"

"पाहुण्यांकडे," मी म्हणालो. आमच्याकडे नातेवाइकांना पाहुणेच म्हणतात. पण बोलून गेल्यावर वाटलं, त्या घरी पाहुणा खरा एकच आला होता, आणि तो फोटो काढून निघूनही गेला होता.